रिकाम्या आकाशातला वायू

४ जून

चि. छोटीस, अ. आ.

झटका आल्यापासून बाबा तसेच आहेत. डोळे मिटलेले, तोंडून शब्द नाही. त्यांचा हात हातात घेऊन मी बडबडत बसते, तेव्हा एक बोट किंचित हलतं आणि मी हुरळून जाते. डॉक्टर म्हणाले, तुम्ही गप्प असतानाही ते हलतं, म्हणजे त्यांना काही कळत नाही. आता हातापायांचा व्यायामही बंदच करू म्हणतात. आईने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं, तेव्हापासून भांडी जास्तच आपटते आहे.

तुझ्या दुर्बिणीला तो वायूचा ढग सापडला का गं? आई म्हणते, घरची माणसं सोडून पोरगी वायूचं ऐकत बसली आहे. मी आपलं कळवते.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईचा टोमणा पोचला. ढग हाती लागत नव्हता, आणि चूक माझीच होती. ताऱ्यांमधल्या वायूची रेडिओ-खूण इतकी क्षीण असते की यंत्राच्या खरखरीत बुडून जाते. म्हणून दुर्बीण आधी ढगावर रोखायची, मग शेजारच्या रिकाम्या आकाशावर, आणि दुसरं पहिल्यातून वजा करायचं. उरेल ते ढगाचं. माझं उरायचं शून्य. काल कळलं, मी रिकामं धरलेल्या आकाशातही तोच वायू पसरलेला होता. माझी खूण मीच पुसत होते!

कपाळावर हात मारला आणि एकदम बाबा आठवले. ताई, तू गप्प असतेस तेव्हा घर खरंच रिकामं असतं का? उत्तराची भीती वाटते, तरी लगेच लिही.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी छोटी

२२ जून

चि. छोटीस, अ. आ.

आईला काहीतरी निमित्त काढून दुकानात पिटाळलं. भांडी थांबली, आणि बोटही थांबलं. मग मी बोलले. तुझ्या खोड्या सांगितल्या, पत्र वाचलं, हसू नकोस, गाणंसुद्धा म्हटलं. बोट हललं नाही. माझा धीरच सुटला. तेवढ्यात जिन्यात आईच्या चपला वाजल्या आणि ते हलायला लागलं.

मी ढसाढसा रडले. खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं. बाबांची लाडकी म्हणून आजवर मीच मिरवत होते.

पंधरा दिवसांनी डॉक्टर पुन्हा येतील. ती नसताना बोट थांबतं हे त्यांना पटवायचं तर आईला पुन्हा बाहेर पाठवायला हवं. पण आनंदाच्या भरात मी तिला सगळं सांगून बसले. आता ती पलंगापासून हलत नाही. म्हणते, “व्यायाम बंद झाला तरी चालेल, पण ते बोट मी थांबू देणार नाही.”

तूच ये आणि तिला समजाव. माझ्याने होत नाही.
ताई