मापाची बाई

३ जून
आलो बाई एकदाचे राजधानीत! तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट घड्याळाचा मनोरा दिसतो. ताईला लगेच फोन करून सांगितलं. जळू दे जरा. तिच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. नवऱ्याला इथल्या संग्रहालयात काम मिळालंय. शंभरेक वर्षांपूर्वीचे शहराचे फोटो घ्यायचे, त्याच जागी कॅमेरा लावून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून प्रदर्शन करायचं. सकाळी चहा घेताना त्याने मला ‘चिमणे’ म्हणून हाक मारली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी अजून मारतो, हे मुद्दाम लिहून ठेवते.

६ जून
संग्रहालयात जाऊन जुने फोटो पाहिले. काय शहर होतं! आज संसद आहे तिथे जनावरांचा बाजार. राजवाड्याच्या फाटकासमोर कारंजं, आता तिथे गाड्या लावतात. लोखंडी पूल अर्धाच बांधलेला, नदीच्या मधोमध संपतो. आणि प्रत्येक फोटोत तीच एक बाई उभी. संग्रहपाल म्हणाले, इमारत किती उंच ते कळावं म्हणून शेजारी माणूस उभा करायची पद्धत होती. ही फोटोग्राफरची बायको. इथे सगळे तिला मापाची बाई म्हणतात. मनोऱ्याचा फोटो हा तिचा शेवटचा, पुढच्या फोटोंत दुसरीच कोणी उभी आहे. मला एक खटकलं. ही कधी कॅमेऱ्यात बघत नाही. जरा बाजूला बघते, कपाळाला आठ्या घालून. नवरा म्हणाला, आपल्या फोटोंत मापाला तू उभी राहा. मी काय, एका पायावर तयार.

१० जून
नवा निळा स्वेटर घालून पुलावर उभी राहिले. नवरा एका हातात तिचा फोटो धरून ओरडत होता, डावीकडे सरक, हनुवटी वर, हलू नकोस, तिच्यासारखं बाजूला बघ. वर म्हणाला, ती किती सहज उभी राहते. मी म्हटलं, मग तिलाच बोलव. हसला नाही. मेलीला मरून इतकी वर्षं झाली, तरी माझ्या नवऱ्याकडून कौतुक करून घेते! आजपासून तिचं नाव सवत.

१७ जून
सवतीचा चेहरा मोठा करून त्याने टेबलासमोरच्या भिंतीवर लावलाय. माझा फोटो त्याच्या पाकिटात असायचा, तोही आता नाही, बघितलं मी. विचारलं तर म्हणाला, कामाचं आहे ते, उगाच डोकं खाऊ नकोस. हो, आहे मी जळकुकडी. घर माझं, भिंत माझी, आणि हा जेवायला बसतो तो माझ्याकडे पाठ करून.

२३ जून
फाटकाचा फोटो छापून आला. स्वेटर माझा, पण हनुवटी तिची. नवरा खूश, म्हणाला, आता जमलं. ताईला पाठवला तर तिने विचारलं, ही कोण गं, तू कुठे आहेस? मला वाटलं चिडवतेय. शपथ घ्यायला लावली, तर घेतली तिने.

२७ जून
कपडे वाळत घालत होते. आतून त्याने ‘चिमणे’ अशी हाक मारली. ओ देत धावत गेले, तर हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला म्हणाला, तुला नाही.
तुला नाही म्हणे!

१ जुलै
आज सोक्षमोक्ष लावला. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर पडल्यावर, डबा ठेवायला आले असं सांगून संग्रहालयातल्या त्याच्या खोलीत शिरले. मूळ फोटो काचेवर आहेत, पेटीत उभे लावलेले. मनोऱ्याची काच काढली आणि केसांतल्या पिनेने तिचा चेहरा खरवडला. खरवडलं की छापताना तिथे काळा डाग येतो, त्यानेच शिकवलंय. आता बघ म्हणावं तिच्याकडे! घरी येताना गाणं गुणगुणत होते.

२ जुलै
फोन उघडेना. चेहरा ओळखत नाही म्हणतो. आरशात सगळं जागच्या जागी आहे — पण लग्नाच्या फोटोत माझ्या तोंडावर काळा डाग. सगळ्याच फोटोंत. शेजारीण जिन्यात भेटली, माझ्या अंगावरून गेली, बघितलंही नाही. वर आमच्या दारात कोणाला तरी म्हणाली, स्वेटर छान दिसतो हं तुम्हाला.
माझा स्वेटर खुंटीवर नाही.

३ जुलै
ती घरात आहे. चहाचे दोनच कप. मी ओरडले — त्याने खिडकी लावली, वारा फार आहे म्हणाला — तिला म्हणाला. चिमणे म्हणाला. ते नाव तरी — निदान ते तरी माझं —

४ जुलै
मनोऱ्याखाली उभी आहे. वही हातात आहे. आज त्याने माझ्याकडे बघितलं — शेवटचा फोटो राहिलाय, मापाला कोणीतरी हवं. मला बोलावलं, मला! वेड्यासारखी धावत आले. आता पाय उचलत नाहीत. डावीकडे, हनुवटी वर, कॅमेऱ्यात बघू नकोस — बघतच नाहीये रे. आता कळलं ती बिचारी कुठे बघायची. तिच्याही वेळी तिथे कोणीतरी असणार. कॅमेऱ्याच्या बाजूला — माझा निळा स्वेटर — त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसतेय — ती माझी जागा आहे, अरे, माझी — हलू नकोस म्हणतो — हलणार मी — जाऊन तिच्या झिंज्या —