आत्याचा मान

४ फेब्रुवारी
चार ब्लाउज, दोन साड्यांना फॉल-पिको. मशीनला मोटर बसवल्यापासून पायाचं कामच न्हाय — तसेही माझे पाय कधी कामाला आलेत! दिवस झक्कास गेला. वरच्या मजल्यावर भावाची तान्ही लेक रडते, ते खाली मला ऐकू येतं. रविवारी बारसं.

५ फेब्रुवारी
भाऊ, अमरनाथ, जिना उतरून आला. डोकं खाजवत म्हणाला, "अक्का, नाव आरोहीनं ठेवलं तर चालंल ना? तुला कशाला त्रास, अठरा पायऱ्या हायत." आरोही आमची चुलत बहीण. म्हणलं, चालंल की. तो गेला अन् मी बाही उलटी जोडली. परत उसवत बसले.

सख्खी आत्या मी! बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा.

६ फेब्रुवारी
राग आलाय. लई.

७ फेब्रुवारी
अमरला बोलले. परस्पर ठरवून मग विचारतोस व्हय? त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "लग्नात विचारलं, डोहाळजेवणाला विचारलं. दर टायमाला तूच न्हाय म्हणलीस. मग आमी विचारायचं सोडलं."

खरं हाय. उचलून नेलेलं मला सोसत न्हाय. बसून, हातांच्या जोरावर, उलटं चढता येतं. पण चार लोकांसमोर? चाळिशी आली तरी लाज वाटते.

म्हणलं, मी चढणार. कुणी हात लावायचा न्हाय.

८ फेब्रुवारी
पाळण्याला झालर शिवली. हिरवी. टीप सरळ आली.

९ फेब्रुवारी
चढले! दहाव्या पायरीवर दम लागला. बायका वरनं टकामका बघत होत्या. नव्या साडीनं अख्खा जिना पुसून निघाला. बाळाच्या कानात नाव सांगितलं — शिवप्रिया.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. पण माझ्या पाठीला बायका नुसती बोटं लावायल्या. कुणाचा हातच उठंना. शेवटी शेजारच्या हरणाबाईंनी पदर खोचला. सत्तरीची बाई, पण असा रट्टा घातला की डोळ्यांत पाणी आलं! म्हणाल्या, "आत्या हाय का पाव्हणी?" मग सगळ्याच तुटून पडल्या. आरोही तर दोन्ही हातांनी.

१० फेब्रुवारी
पाठ ठणकतीया. मशीन बंद ठेवली. चाळीस वर्षांत मला कुणी कधी मारलंच नव्हतं — आईनंसुद्धा न्हाय.