झालं आणि खरंच झालं

३, सोमवार. सकाळी, चहा व्हायच्या आत.
आजपासून मोजायचं. ‘काम चाललंय, होईल’ ही भाषा बंद. मोठ्या साहेबांनी सांगितलंय, महिनाअखेर ज्या टीमची प्रगती आणि दर्जा आकड्यांत दिसेल, तिच्या लीडकडे सगळ्या टीम येणार. म्हणजे माझ्याकडे. दुसरं आहे कोण?

दुसरा संकल्प: चिडायचं नाही.

चहानंतर.
आमची टीम डोळ्यांच्या हॉस्पिटलसाठी ॲप बनवतेय. घरबसल्या तारीख बुक करायची. आणि योग कसा, बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डावा तर आधीच अधू. डॉक्टरांनी तपासून ठेवलंय, फक्त ऑपरेशनची तारीख घ्यायचीय. बाबा रोज पेपर नाकाला लावून बसतात, आणि मग घडी घालून ठेवून देतात. मला बघवत नाही. म्हणून जाहीर केलं: तारीख आपल्याच ॲपवरून घ्यायची, वीस तारखेला सुरू होतंय, पहिल्या पेशंटचा मान बाबांचा. बायको म्हणाली, अहो, हॉस्पिटलला फोन आहे की, लागतो. मी म्हणालो, मी काय दुसऱ्याच्या ॲपवर विसंबून आहे? फोन बिन काही करायचा नाही. चिडलो नाही. आवाज फक्त मोठा झाला.

५, बुधवार.
पॉइंटची मीटिंग. काम किती जड ते प्रत्येकानं बोटं दाखवून सांगायचं, तेवढे त्या कामाला पॉइंट, आणि पॉइंटांची बेरीज म्हणजे टीमचा वेग. मौनी (कोड झकास लिहितो, बोलत मात्र नाही) लॉगिनच्या स्क्रीनला दोन बोटं दाखवून बसला. विचारलं, स्वतःची किंमत एवढीच करतोस का रे? लाजला बिचारा, अख्खा पंजा काढला. मग सगळ्यांनाच सढळ हातानं बोटं काढायला सांगितलं. एका दुपारीत टीमचा वेग दुपटीच्या वर गेला, तोही कुणी कीबोर्डला हात न लावता. इतकी वर्षं उगाच घाम गाळला.

७, शुक्रवार.
खुसपटबाई. आमची टेस्टर. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. आज तिनं ढीगभर बग, म्हणजे ॲपमधल्या चुका, नोंदवले. त्यातला मोठा म्हणे असा: पेशंटनं तारीख निवडून ‘पक्की करा’ दाबलं की हिरवी खूण येते, पण हॉस्पिटलकडे नोंद पोचतच नाही. मी विचारलं, खूण येते का? येते म्हणाली. हिरवी? हिरवी. मग रडगाणं कशाचं? तर म्हणते, सर, ती खूण कशाबद्दल येते हाच प्रश्न आहे. असल्या तत्त्वज्ञानाला माझ्याकडे वेळ नाही.

पण दर्जाचा ग्राफ पार खाली आला. वर साहेब बघतात. ठराव: बग हा शब्द बंद. यापुढे ‘निरीक्षण’ म्हणायचं. ग्राफ फक्त बग मोजतो. चारच्या चहापर्यंत ग्राफ पुन्हा जागेवर.

१२, बुधवार.
भिंतीवरच्या बोर्डवर एकेका कामाचं कार्ड लावतो, त्यातला ‘झालं’ हा कॉलम गच्च भरलाय. नुसतं बघत राहावंसं वाटतं. तेवढ्यात मौनी उठून आला आणि महिन्यातून एकदा उघडणारं तोंड नेमकं आज उघडलं. सर, झालं म्हणजे खरंच झालं का?

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मी लोकशाहीवादी लीड आहे. लगेच नवा कॉलम आखून दिला: ‘खरंच झालं’. जागा नव्हती म्हणून अगदी उजवीकडे, दाराच्या मागे. दार उघडं असलं की तो दिसत नाही. दार हवेसाठी उघडं ठेवावं लागतं, त्याला मी काय करू? पॉइंट ‘झालं’वरच मोजायचे हे स्पष्ट सांगितलं. मौनी ‘बरं’ म्हणाला. काहीतरी बारीकसं बदलून देतो म्हणाला स्क्रीनवर. दे बाबा.

१४, शुक्रवार.
खुसपटबाईकडून आज एकही निरीक्षण नाही. काल नाही, परवाही नाही. दर्जा शंभर टक्के! ही माझ्या पद्धतीची किमया. घरी आल्या आल्या सांगितलं. बायको म्हणाली, ती बोलायची थांबली म्हणजे चुका थांबल्या असं नसतं. मागे मीही तुमच्याशी बोलत नव्हते, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं की घरात शांतता आहे. या वाक्याचा सॉफ्टवेअरशी काय संबंध? चिडलो नाही, फक्त जेवलो नाही.

२०, गुरुवार.
डेमो! साहेबांनी स्वतःच्या बोटानं ‘पक्की करा’ दाबलं, हिरवी खूण आली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मागच्या रांगेपर्यंत गेल्या. खुसपटबाई खिडकीबाहेर बघत होती. जळू दे.

घरी आल्यावर बाबांचं बुकिंग. सत्तावीस तारीख, सकाळी दहा. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पेपरसारखा नाकाजवळ नेला आणि विचारलं, नक्की झालं ना रे? म्हटलं, बाबा, हिरवं आहे. बरं, म्हणाले. बायको काही बोलली नाही. तिलाही पटत चाललंय.

२७, गुरुवार. हॉस्पिटलच्या बाकावरून.
रिसेप्शनवरच्या मुलीकडे बाबांचं नाव नाही. तिला हिरवी खूण दाखवली. म्हणाली, हो काका, हिरवीच आहे, त्यांचीही हिरवीच आहे. तिनं बोट दाखवलं तिकडे बघितलं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत म्हातारी माणसं बसलेली, कुणाच्या डोळ्यावर काळा चष्मा, कुणी सुनेचा हात धरलेला, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. सगळ्यांची हिरवी.

आधी वाटलं, एवढे डाउनलोड! साहेबांना आकडा कळवावा.

मग एका आजीनं विचारलं, बाळा, आमचा नंबर कधी लागेल? पाणी प्यायला गेलो तो बराच वेळ तिथेच उभा राहिलो. लाज वाटली, लिहून टाकतो. चूक अर्थात इंटरनेटची असणार.

२७, दुपारी, घरी.
बायकोनं फोन करून उद्याची तारीख केव्हाच घेऊन ठेवली होती. ज्या दिवशी मी जेवलो नाही त्याच दिवशी! विचारलं, मग आज आम्हाला कशाला जाऊ दिलंस? म्हणाली, तुम्ही ऐकणार होतात का? बाबांनाही ठाऊक होतं. म्हणाले, तू एवढ्या हौसेनं दाखवलंस, तुझं मन मोडवेना. दोन तास बसले होते त्या बाकावर माझ्यासाठी. तरी एक सांगून ठेवतो, माझी पद्धत बरोबरच आहे.

२९, शनिवार.
ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली. बाबांनी पहिली कुठली गोष्ट मागितली असेल? माझा फोन. हात लांब करून, ऐटीत वाचायला लागले. म्हणाले, अरे, या हिरव्या खुणेखाली फिकट राखाडी अक्षरात काहीतरी लिहिलंय. ‘नोंद अजून पाठवलेली नाही.’ हे कुणी लिहिलं?

मौनीनं. बारीकसं बदलून दिलं होतं ते हेच. मी पाहिलंच नव्हतं, आणि माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. बाबा म्हणाले, पोरगा प्रामाणिक दिसतो, त्याला सांभाळ.

३१, सोमवार.
हॉस्पिटलची तक्रार घेऊन साहेब आले आणि आत येताच पाठीमागे दार लावलं. हवा गेली. ‘खरंच झालं’ हा कॉलम समोर. कोरा. साहेबांनी विचारलं, इथे काय काय येतं? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात मौनी म्हणाला, अजून काही नाही सर. महिन्यात दुसऱ्यांदा बोलला!

सगळ्या टीम खुसपटबाईकडे गेल्या, म्हणे तिनं हे सात तारखेलाच नोंदवलं होतं. मी मुळीच खचलेलो नाही. साहेबांना तोंडावर सांगितलं की मोजणं मी सुरू केलं, हे विसरू नका. ते म्हणाले, नाही विसरणार.

माझं टेबल आता बाईंच्या शेजारी. काम दिलंय: ॲपवर ‘पक्की करा’ दाबायचं आणि मग हॉस्पिटलला फोन करून विचारायचं, नोंद पोचली का.

फोन लागतो. दुसऱ्या रिंगला उचलतात.