बसून करता येईल असं काहीतरी

सौ. विहीणबाईंना,

सप्रेम नमस्कार, आणि तोही दोन्ही हात जोडून, कारण आता डावा हात तिथपर्यंत येतो. तुमची कंबर कशी आहे? व्याह्यांचं पथ्य खरंच चाललंय की नुसतं तुमच्या देखत चालतं? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, आणि एक खांदा वगळता ती मी पाळते. तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचीही चौकशी करणार होते, पण रागात असताना फुलांची चौकशी करू नये, आणि मी रागात आहे.

कारण परवा तुम्ही फोनवर तुमच्या लेकीला म्हणालात, "अगं, पतंग उडवायचं वय आहे का त्यांचं?" (ती माझ्या बाजूने बोलते तेव्हा आमची सून असते, एरवी तुमची लेक. परवा ती तुमची लेक होती आणि फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरत होती.) तेव्हा गैरसमज दूर करते. मी पतंग उडवत नाही. पतंग मला ओढतो. मी तीन चाकांच्या एका बुटक्या बग्गीत बसते, पाय लांब करून पुढचं चाक वळवते, पतंगाच्या दोऱ्यांची दोन हँडलं हातात धरते आणि ओहोटीनंतरच्या कडक वाळूवरून जाते. यात कुणाचा दोष असलाच तर तो माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांचा. तेच म्हणाले, "गुडघ्यांना ताण नको, बसून करता येईल असं काहीतरी करा." त्यांच्या मनात विणकाम असावं. पण तसं त्यांनी सांगितलं नाही, आणि सूचना मोघम असली की उमेदवार कुठेही जातो हे मी नोकरीत पुरेपूर पाहिलं आहे.

नोकरीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, कारण खांदा खरा तिच्यापायी मोडला. वाहन चालवायच्या परीक्षा घेण्यात माझा जन्म गेला. शेजारच्या सीटवर बसून मी एकच मंत्र जपला, काही झालं तरी स्टिअरिंग सोडायचं नाही. कुत्रं आडवं येवो, टायर फुटो, समोरून सासरे येताना दिसोत. आता बग्गीला ब्रेक नसतो. (हे वाक्य व्याह्यांना वाचून दाखवू नका.) थांबायचं तर पतंग डोक्यावर आणून त्याचा जोर काढायचा, आणि तेही साधलं नाही तर हँडलं सरळ सोडून द्यायची. मग मनगटाच्या पट्ट्याने मागची दोरी ओढली जाते आणि एवढा थोरला पतंग वाळत घातलेल्या चादरीसारखा गळून पडतो. म्हणजे जगात सगळीकडे जे धरून ठेवायचं ते इथे सोडायचं. त्या दिवशी वाऱ्याचा एकदम झोत आला, पतंगाने उसळी घेतली आणि मागून आमचे दंतवैद्य ओरडले, "सोडा! हात सोडा!" (हे आमच्या किनाऱ्यावरच्या बग्गी-क्लबातले निवृत्त गृहस्थ. मला शिकवलं त्यांनीच.) आता तुम्हीच सांगा, जन्मभर धरा धरा म्हणून घसा कोरडा केलेली बाई एका दाताच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून हात सोडेल? मी धरून ठेवलं. बग्गी जागेवर राहिली आणि मी पुढे गेले. खांद्यावर पडले, हाड मोडलं. बस, एवढंच. मी समुद्रात वाहून गेले नाही आणि कोळ्यांनी मला जाळ्यातून बाहेर काढलं नाही. तुमच्या जाऊबाईंनी ऐकलं ते दुसऱ्या कुणाचं असेल. दंतवैद्य धापा टाकत आले आणि पहिला प्रश्न काय विचारला? "दात शाबूत आहेत ना?"

पुढचे आठवडे हात गळ्यात बांधून काढले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पाठीला फूटपट्टी लावून ताठ बसवायच्या, त्या पुण्याईवर ते निभावले. चिरंजीवांनी मात्र तेवढ्यात बग्गी विकायला काढली. मला न विचारता. पार्किंगमध्ये तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'एकच ज्येष्ठ मालकीण, जपून वापरलेली.' यातली दोन्ही विधानं बदनामीकारक आहेत. एक गृहस्थ बघायलाही आले. दार मी उघडलं. म्हटलं, "वारा कुठून येतोय, सांगा." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मी त्यांना नापास केलं आणि सवयीने "पुढच्या महिन्यात या" असंही म्हटलं. त्यावरून घरात जे वाजलं ते तुम्हाला स्पीकरवरून कळलंच असेल. मी चिरंजीवांना म्हटलं, तू सायकल शिकताना पडलास तेव्हा मी तुझी सायकल भंगारात घातली नव्हती. त्यावर तो ओरडेल अशी माझी तयारी होती. तो ओरडला नाही. म्हणाला, "आई, हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी मीटिंगमधून उठलो, आणि गाडी कुठे लावली होती तेच मला आठवेना." मी उठून त्याला चहा करून दिला. (होय, मी.)

म्हणून मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. फिजिओ म्हणून एक चिमुरडी बाई आहे, बोलायला गोड आणि हाताने निर्दय. तिला म्हटलं, मला केस विंचरता यावेत म्हणून मी येत नाही, मला परत बग्गीत बसायचंय. ती हसली नाही, म्हणून ती मला आवडली. तिने पायऱ्या लावून दिल्या. आधी भिंतीवरून बोटं चढवत हात पूर्ण वर. मग रबराचा पट्टा ओढणं. मग जमिनीवर उभं राहून सगळ्यात छोटा पतंग. मग बग्गी, तीही मंद, सरळ वाऱ्यात, हेल्मेट घालून, आणि एकटीने कधीच नाही. आणि रोज हात सोडायचा सराव. त्याचं असं की पॅसेजमध्ये पट्ट्याचं एक टोक मी धरते, दुसरं सूनबाई, आणि तिच्या मनात येईल तेव्हा ती ओरडते, "आई, सोडा!" सुरुवातीला मी सोडत नसे. तीच ओढली जाऊन चपलांच्या रॅकवर आली. मग एकदा मी सोडलं आणि ती धपकन खाली बसली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की खांदा दुखला. आता हात इतका तयार झालाय की परवा चिरंजीव फोनवर कुणाला तरी "सोडा हो तो विषय" म्हणाले आणि इकडे माझ्या हातातलं दुधाचं पातेलं गेलं.

गेल्या रविवारी छोटा पतंग हवेत गेला. मी वाळूत नुसती उभी होते. दोऱ्या ताणल्या आणि हाताला ती ओढ लागली, जशी गर्दीत नातवाने बोट ओढावं, 'चल ना' म्हणून. खांदा कुरकुरला नाही. दंतवैद्य "सोडा" म्हणाले आणि मी सोडलं. पतंग खाली बसला, मी उभीच. चिरंजीव गाडीत बसून बघत होते, म्हणजे पेपर वाचायचं सोंग करत होते, कारण पेपर उलटा होता. घरी येताना म्हणाले, "जाहिरात काढतो. पण एक अट. तू बग्गीत असशील तेव्हा घरचं कुणीतरी समोर उभं पाहिजे, आणि ते असं पाहिजे की ज्याचं तू ऐकतेस." दंतवैद्य घरचे नाहीत. चिरंजीवांचं आणि सूनबाईंचं मी ऐकत नाही, हे त्यांनीच एकमुखाने जाहीर केलं. म्हणजे अट गोड आणि उत्तर नकार. पोराने डोकं माझंच घेतलंय, तक्रार कुणाकडे करू?

असो. हे पत्र केवळ तुमचा गैरसमज दूर व्हावा म्हणून. उत्तराची अपेक्षा नाही. व्याह्यांना नमस्कार, जाऊबाईंना सत्य सांगावं.

तुमची,
विहीण

ता. क. तुम्हाला आठवत असेल, नातू झाला तेव्हा दवाखान्यात मी नर्सला पाळणा कुठे ठेवावा ते सांगत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "विहीणबाई, बसा." आणि मी बसले. शाळेतल्या सिस्टरनंतर मला बसवणाऱ्या तुम्हीच. सूनबाईंनी ही आठवण काढली आणि चिरंजीव लगेच म्हणाले, "चालेल." तेव्हा येत्या रविवारी ओहोटीच्या वेळी तुम्ही यावं. तुमची हाक तिसऱ्या मजल्यावरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते, किनारा काय मोठा आहे? खुर्ची घेऊन ठेवली आहे, कंबरेला उशीही.

ता. क. २. काही झालं तर "अहो विहीणबाई, जरा हात सोडता का" असं म्हणत बसू नका. तेवढ्या वेळात मी पुन्हा वाळूत असेन. सरळ ओरडा, "ए, सोड!" अगं-तुगं केलंत तरी मी राग मानणार नाही. किनाऱ्यावर तरी नाही.

ता. क. ३. बग्गीला मागे जोडायची दुसरी सीट मिळते. दंतवैद्यांकडे आहे. मी काहीच म्हणत नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी कंबरेसाठी नेमकं काय सांगितलंय? बसूनच करायचं ना सगळं?