पडद्याची तुझी बाजू

पाकसाय
मार्चमधला दुसरा सोमवार, बाजाराचा दिवस

प्रिय स्याव सेंगदाव,

थोंगकाकांनी हे पत्र तुझ्या हातात ठेवलं असेल, तर आधी त्यांना घोटभर पाणी दे आणि मग हवं तर पत्र चुलीत घाल. म्हातारा सकाळपासून कुरकुरतोय, “जन्मभर या होडीतून माणसं नेली, कांदे नेले, आता मला टपालवाला करून टाकलंस होय गं?” पण तू पाक्से शहरातलं सगळं आवरून आईच्या दुखण्यासाठी पलीकडच्या काठावर, बान होमला परत आलीस, ही बातमी त्यांनीच मला आणून दिली. म्हणाले, “तुझी स्याव आलीय. केस पिकलेत, बाकी तशीच. रागावली की नाक अजून लाल होतं.” मी बाजारात उभी होते. हातातला चिकट भाताचा गोळा तोंडापर्यंत गेलाच नाही. काकांनी तुझा फोन नंबरही दिला, पण माझा धीर होईना. माझ्या गच्चीतून तुझ्या गावातले दिवे दिसतात, आणि अठ्ठावीस वर्षं आपण एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. येत्या पौर्णिमेला मला नदी राखणाऱ्या देव-आजोबांचा नवस फेडायचाय, त्यांच्या देवळीसमोर माझा नवा सिनेमा दाखवून. त्या संध्याकाळी तू नदीतल्या वाळूच्या बेटावर येशील का, एवढंच मला विचारायचंय. एवढंच म्हणते खरी, पण गेले आठ दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये.

सिनेमा आपल्या पाकसायवर आहे. बँकॉकचा निर्माता पहिल्यांदा इथे आला तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून म्हणाला, “छान आहे, पण इथे आहे काय?” आता त्याला काय सांगणार! संध्याकाळी सहाला आमच्या खांबावरच्या कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू होतं, त्याच वेळी तुमच्या काठावरचा, तुमच्या देशाचा कर्णा बातम्या वाचायला लागतो, आणि मासे विकणाऱ्या बाया हातात मासा धरून ताठ उभ्या राहतात. आवाज टिपणारा आमचा माणूस तर रडकुंडीला आला. “ताई, एक मिनिटभर तरी एकाच देशाचा आवाज मिळेल का हो?” मी म्हटलं, नाही मिळणार, या गावात तसा आवाजच नाही. पपईची कोशिंबीर कुटून विकणारी केसोनमावशी आठवते ना? तिला फक्त कॅमेऱ्यासमोरून चालत जायचं होतं. बारा वेळा चालली आणि बाराही वेळा मध्येच थांबून कॅमेऱ्याला विचारलं, “जेवलीस का गं?” शेवटी तेच ठेवलं. सिनेमातलं माझं सगळ्यात लाडकं दृश्य तेच आहे. मी परदेशात चार ठिकाणी बक्षिसं घेऊन आले, पण खरं सांगू का, या गावासारखी माणसं मला कुठे भेटली नाहीत. भांडतात कचाकचा, दुसऱ्याच्या ताटात डोकावतात, आणि नदीपलीकडे कुणाच्या घरी मूल जन्मलं तर इकडे कोंबडी शिजते. मला या गावाचं फार कौतुक आहे. ते उघड करायला लाज वाटायचं माझं वय आता गेलं.

बाबांची सिनेमाची निळी गाडी तुझ्या डोळ्यांपुढे असेलच. कुणाची हरवलेली म्हैस परत आली, कुणाची सून सुखरूप सुटली, की नवस फेडायला बाबांना बोलावणं यायचं. आजोबांना एक उकडलेली कोंबडी, एक बाटली तांदळाची दारू आणि एक मारामारीचा सिनेमा. रडके सिनेमे आजोबांना चालत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक. पडद्याचं तोंड देवळीकडे, पाठ नदीकडे. पहिली चटई आजोबांसाठी मोकळी सोडून आम्ही पाकसायचे लोक बसायचो, आणि तुम्ही बान होमवाले बेटावर, कांद्याच्या वाफ्यांच्या मधल्या वाटांवर, पडद्याच्या पाठीशी. सगळे आवाज बाबाच काढायचे. नायकाचा, खलनायकाचा, आणि नाक दाबून नायिकेचासुद्धा. आपल्या बोलीत, त्यामुळे दोन्ही काठांना कळायचं. ऐन मारामारीत खलनायक थांबायचा आणि म्हणायचा, “अहो बेटावरच्या वहिनी, तुमचं पोर वाफ्यात शिरलं बघा!” आणि सुरू करण्याआधी कर्ण्यावरून दरवेळी तोच प्रश्न, “सेंगदाव, पोचलीस का?” बेटावरून तुझी टॉर्च दोनदा लुकलुकायची, मगच बाबा आजोबांपुढे उदबत्ती लावायचे. आजोबांच्याही आधी तुझा मान, म्हणून आई त्यांना ओरडायची.

आपली ओळख झाली तीच मुळी भांडणातून. नऊ वर्षांच्या असू. सोमवारच्या बाजारात तुझी आई कांद्याच्या जुड्या मांडून बसली होती. मी बोटांचं पिस्तूल करून तुझ्यावर रोखलं, तर मरायचं सोडून तू म्हणालीस, “हात चुकलाय तुझा.” तुमच्या गावातली झाडून सगळी पोरं डाव्या हाताने गोळ्या झाडायची, डाव्या हाताने सलाम ठोकायची, कारण पडद्यामागून तुम्ही पाहिलेला एकूण एक नायक डावखुरा! मी म्हटलं उजवा, तू म्हटलंस डावा, आणि आपण झिंज्या धरण्यावर आलो. बाबांकडे न्याय मागितला तर त्यांनी दोघींच्या हातात एकेक भाजलेलं केळं ठेवलं. “मी पडद्याच्या बाजूला बसून बोलतो, मला काय विचारता?” म्हणाले. मग कळलं की आपण एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलो, आणि दोघींच्या आयांनी आपल्या मनगटांना पांढरा दोरा बांधून आपल्याला स्याव केलं, जन्मभराच्या जोडीदारणी. एकीच्या घरी भात शिजला की दुसरीने उपाशी झोपायचं नाही. चार वर्षं आपण ते पाळलं.

तेराव्या वर्षी मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचंय. एप्रिलच्या सणाला तू पहिल्यांदाच आमच्या बाजूला, पडद्याच्या पुढे बसायला आलीस. मीच हट्ट केला होता. आईने विणलेलं नवंकोरं काठाचं सीन-लुगडं नेसून आली होतीस, केसात चाफा होता. सिनेमा संपल्यावर शाळेतल्या मुलींदेखत मी मोठ्या ऐटीत विचारलं, कसं वाटलं पुढून? तू आपली सरळ बोलून गेलीस, “मला मागूनच बरं वाटतं. इथून सगळं उलटं दिसतं.” मुली फिदीफिदी हसल्या. हसल्या तुला, झोंबलं मला, कारण पडदा माझ्या बापाचा होता. मी म्हटलं, “फुकटात पाठीमागून बघणाऱ्यांना पुढचं काय कळणार?” त्या आणखी हसल्या आणि मीही हसले. हसले, सेंगदाव. तुझं नाक लाल झालं. तू मनगटावरचा दोरा दातांनी तोडलास, काकांच्या होडीच्या फळीवर ठेवलास आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी काकांनी तो मला आणून दिला आणि पाठ फिरवून होडीकडे गेले. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांना सगळं कळलं होतं, तरी मला बोलले नाहीत. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, “सेंगदाव, पोचलीस का?” तुमची माणसं बेटावर होती, टॉर्च लागली नाही. बाबा जरा वेळ थांबले आणि मग उदबत्ती लावली. तू पाक्सेला शिकायला गेलीस, मी बँकॉकला गेले, तरी ते विचारतच राहिले. लोक म्हणायचे म्हाताऱ्याला सवय लागलीय. एकदा शहरातून नव्या पडद्यांचा विक्रेता आला होता. जाड कापड, पुढून चित्र झकास, मागून काळं अस्तर. बाबा म्हणाले, “अन् माझे अर्धे प्रेक्षक कुठे बसवू, तुझ्या घरी?” शेवटपर्यंत तोच पातळ सुती पडदा वापरला, आईने ठिगळं लावलेला. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला मी इथेच होते. आवाज पार फाटला होता, नायिका तर त्यांना जमतच नव्हती, तरी आधी तुझी चौकशी केलीच. मी त्यांच्यामागे उभी राहून त्या बेटाकडे बघत होते, आणि मला माझी लाज वाटली. तिथेच मी आजोबांना नवस बोलले. पाकसायचा सिनेमा पुरा होऊ दे, जगात सगळ्यात आधी तुमच्यापुढे दाखवीन.

तो पुरा झाला. पहिला खेळ बँकॉकच्या थंडगार थिएटरात व्हावा म्हणून निर्मात्याने माझ्या नाकी नऊ आणले. मी हात जोडले, बाबा रे, आधी आजोबा. त्याचं कसंबसं निभावलं, खरी लढाई पुढेच होती. मी गावाला देवळीपाशी जमवलं आणि सांगितलं की त्या संध्याकाळी मी चित्र उलटवून दाखवणार आहे. आता ते एका बटणाचं काम. पडद्याच्या पाठीवर, म्हणजे बेटावरून, सगळं सुलट दिसेल आणि आमच्या काठाला उलटं. काय गहजब झाला म्हणून सांगू! नगराध्यक्ष ओरडले, “गावाच्या नावाची पाटी उलटी? माझ्या कारकिर्दीत?” केसोनमावशी म्हणाली, “माझा तीळ या गालावरून त्या गालावर जाईल, नवरा घरात घ्यायचा नाही.” देवळीचे राखणदार बुनहोममामा म्हणाले, नवस आजोबांचा, तेव्हा विचारायचं तर आजोबांना. कोंबडी उकडली, जबड्याचं हाड ओढून काढलं, तर एक टोक इकडे अन् एक तिकडे. साफ नकार. माझा जीव टांगणीला. मामा हाड निरखत म्हणाले, “आजोबांना हल्ली कमी ऐकू येतं. दुसरी आणा.” दुसरीचं हाड मात्र सुरेख निघालं, दोन्ही टोकं सारखी वळलेली. दोन्ही कोंबड्या मामांनी एकट्याने संपवल्या. मग केसोनमावशी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. “आजोबांचं झालं. आता आम्हाला सांग, का गं हे सगळं?” त्यांना जे सांगितलं तेच तुला सांगायला हे पत्र लिहायला घेतलंय.

तुला सुलट चित्र दाखवून उपकार करायचे म्हणून हे नाही. तुझं चित्र तुला सुलटच होतं, आणि तू ते मला सरळ मनाने सांगितलं होतंस. मी सगळ्या गावासमोर कबूल केलं की तेरा वर्षांची असताना मी माझ्या स्यावला फुकटी म्हटलं. मागितलं एवढंच, की आता एक संध्याकाळ तरी आम्ही सगळ्यांनी तुझ्या जागेवरून बघावं, डावखुऱ्या पाकसायकडे, आणि आमची जागा तुला द्यावी. मग मावशीच म्हणाली, “अगं मग आधी नाही का सांगायचं? एक दिवस तीळ त्या गालावर, काय बिघडलं! तिला म्हणावं, येताना कांद्याची पात आण, बेटावरची गोड असते.” असं आहे हे गाव, आणि म्हणून मला ते इतकं आवडतं. मी चुकले, सेंगदाव. तुझा दोरा बाबांनी माझ्याकडून घेऊन त्यांच्या माइकच्या डब्यात जपून ठेवला होता, तो अजून तिथेच आहे. पौर्णिमेला अंधार पडायला लागला की बाबांच्याच कर्ण्यावरून मी त्यांचा प्रश्न विचारणार आहे. माझा आवाज काही त्यांच्यासारखा नाही, शेवटी चिरकतो, हसू नकोस. मामांनी बजावलंय की आजोबांना फार ताटकळत ठेवता यायचं नाही. मी त्यांना म्हटलंय, बाबा थांबायचे त्यापेक्षा थोडी जास्त थांबेन. या पत्राबरोबर थोंगकाकांकडे टॉर्चचे दोन नवे सेल दिले आहेत, तेवढे मागून घे.

तू मानशील तर तुझीच स्याव,
लमय