मागच्या खोलीतलं जातं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला आठवायचं म्हटलं तर आधी तुमचे हात आठवतात, मग कुठं चेहरा येतो. सासू म्हणून तुम्ही कशा होतात हे कुणी विचारलं तर मी अजून अडखळते. आज कागद घेऊन तुमच्याशी बोलायला बसले त्याला कारण माझी नात. माझ्या थोरल्या लेकीची ही मुलगी, तिला आठवा लागलाय, आणि ती माझ्याकडं राहायला आलीय. रोज सकाळी बैठकीत चटई टाकते, भिंतीला धरून उकिडवी बसते, उठते, परत बसते. मग तोंडाचा चंबू करून हळूहळू श्वास सोडते. एका डॉक्टरीणबाईंच्या वर्गाला ती जाते, तिथं हे सगळं शिकवतात. ऑपरेशन न होता बाळंतपण व्हावं म्हणून शरीराची आणि मनाची तयारी करायची असते आजी, असं ती मला समजावून सांगते. मी दारात उभी राहून बघते आणि मला हसू येतं. तिला वाटतं मी तिच्यावर हसते. तिला काय सांगू की मला तिच्या जागी मी दिसते, आणि माझ्या जागी, कमरेला पदर खोचून दारात उभ्या असलेल्या तुम्ही.

तुमची लेक, माझी नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघी एका वयाच्या. नणंद-भावजयीचं भांडण म्हणजे काय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, दुपारभर सागरगोटे खेळायचो. तुम्ही तिला इकडची काडी तिकडं करू दिली नाहीत. अंगण मी झाडायची, पाणी मी आणायची, आणि ती खाटेवर बसून मला चिडवायची. त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. माहेरवाशीण ती, सगळ्या आया असंच करायच्या. तिनं कधी विचारलं की बाळ येताना काय होतं, तर बायका एकमेकींकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "येळ आली की समदं कळंल." पहिलटकरणीपुढं कळांचं नाव काढायचं नाही, ती भिते, असा आपल्याकडं रिवाजच होता. मग वेळ आली. मागच्या खोलीत तिला नेलं, सुईण आली, घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं आणि पेट्यांची कुलपं उघडून ठेवली, बाळंतीण लवकर सुटावी म्हणून. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन दाराबाहेर उभी. आतून ती ओरडतेय, "आई, काय व्हतंय गं मला, कुनी सांगा की." एवढंच परत परत. दुपार कलायच्या आत ती गेली, आणि बाळही राहिलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मला दिवस गेले. माझी आई मी लहान असतानाच तापानं गेलेली, माहेरी नुसते वडील आणि भाऊ. तिथं बाळंतपण करणार कोण? म्हणजे पहिलं असलं तरी ते सासरीच व्हायचं, आणि घरात जागा एकच, मागची खोली. त्या खोलीत मी पाऊल टाकत नव्हते. ज्वारीचं पोतं तिथं होतं, तर दळण काढायलासुद्धा मी मामंजींना पाठवायची. ते बिचारे न बोलता सूप भरून आणून द्यायचे. मनात मी धरूनच चालले होते की मी वाचत नाही. समोरच्या शेजारणीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिला मी माझी लग्नातली हिरवी साडी देऊ केली. म्हटलं, माझ्या मागं पडून राहील, तुम्ही नेसा. ती साडी घेऊन तरातरा तुमच्याकडं आली आणि तुमच्या पुढ्यात ठेवली.

तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं असं तुमच्याकडं बघून वाटलं. तुम्ही साडीची घडी नीट केलीत, पेटीत ठेवलीत आणि म्हणालात, "मरायची तयारी झाली व्हय तुजी? बरं झालं. आता जगायची करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर सोप्यातलं जातं जागेवर नाही. तुम्ही आणि मामंजींनी मिळून ते मागच्या खोलीत नेऊन मांडलं होतं, आणि मामंजी बाहेर बसून कंबर चोळत होते. मी दारात थांबले. तुम्ही आत, एक पाय पसरून, खुंट्याला हात घालून बसलेल्या. म्हणालात, "खोलीनं काय केलंय तुला? ये, बस. आज तुजं दळण हितं." मी रडले, तरी तुम्ही उठला नाहीत. शेवटी रडत रडतच बसले आणि खुंट्याला हात लावला. असं रोज. पुढं तिथंच जेवायचं, तिथंच तुम्ही माझ्या कमरेला तिळाचं तेल चोळायचं. ती भुई मीच सारवायची, उकिडवं बसून, मागं मागं सरकत. महिन्या-दीड महिन्यात ती खोली मला नुसती खोली वाटायला लागली. नणंद आठवायची, पण आता सागरगोटे खेळणारी आठवायची.

जात्यावर तुमचं एकच पालुपद असायचं. "दम कोंडू नगंस. दात आवळू नगंस." खुंटा पुढं लोटताना मी दात-ओठ खायची आणि श्वास धरून बसायची. तुम्ही म्हणालात, गाणं म्हण, गाणारीला दम कोंडता येत नाही. मला एकही ओवी धड येत नव्हती. "मग कायबी म्हन. तुज्या मामंजीवर म्हन." आणि तुम्हीच जुळवून दिलीत.

मामंजी झोपल्यात, बाई दुपारी पडवीला
घोरायच्या आवाजानं, म्हस बुजली दावणीला

मी इतकी हसले की हातातले दाणे सांडले. त्या खोलीत, त्या दिवसानंतर, कुणी हसलं ते पहिल्यांदाच. पोट वाढलं तशी तुम्ही दळण कमी केलंत, जात्यात घालायचा घास मूठभराचा चिमूटभर झाला, पण बसणं आणि गाणं सोडू दिलं नाहीत.

मग शेजारीण बाळंत व्हायच्या बेताला आली, आणि तुम्ही जे केलंत त्यावर गाव महिनाभर बोलत होतं. पोटुशीनं दुसरीच्या बाळंतपणात पाऊल टाकायचं नाही, हे शेंबड्या पोरीलाही माहीत. तुम्ही मला हाताला धरून तिच्या घरी नेलंत. सुईण म्हणाली, "आवं, ही पयलटकरीन. हिला कशाला?" तुम्ही म्हणालात, "बघू द्या. न बघून काय झालं ते बघितलंय म्या." बाळंतिणीच्या पाठीमागं बसून तिला टेकू द्यायला एक बाई लागते. तुम्ही मलाच तिथं बसवलंत. तिची पाठ माझ्या छातीला, माझे हात तिच्या काखेखालून पुढं. कळ आली की तिचं सगळं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, माझी बोटं ती मोडून काढेल असं वाटायचं. आणि मग ते सुटायचं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, एकदा दुखायला लागलं की दुखतच राहतं. इथं कळ गेली की शेजारीण माझ्या खांद्यावर मान टाकून घटकाभर निवांत, आणि मला विचारतेय, "तुमचं औंदाचं लोनचं नासलं म्हनं, खरं का?" तिच्याहून घामाघूम मीच. पुढची कळ आली तशी तिच्याबरोबर मीही कण्हायला लागले. ती तेवढ्यातून म्हणाली, "बये, मी बाळंत व्हाया लागलेय, तू का कुथतीस?" सुईणसुद्धा हसली. थोड्या वेळानं मुलगा झाला, काळानिळा, मग लाल, मग रडला. घरी येताना तुम्ही एवढंच विचारलंत, "बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं. "कळ येती आन् जाती. तू तितंच ऱ्हातीस."

त्याच वाटेवर मी तुम्हाला विचारलं होतं, आत्याबाई, तुम्हाला नाही का भीती वाटत? तुम्ही पुढं बघतच चालत होतात. म्हणालात, "मला कशाचं आलंय भ्या." थोडं पुढं गेल्यावर, मी न विचारता, बोललात. "माज्या पोरीचं रगात थांबलं न्हाय. ते कुनाच्या हातात नव्हतं. पन ती भ्यालेली गेली. ते माज्या हातात व्हतं." लेक गेल्यापासून तिच्याबद्दल तुम्ही बोललात ते तेवढंच. त्यानंतरही कधी बोलला नाहीत.

आणि नुसत्या जात्यावर, ओव्यांवर तुमचा भरवसा होता असंही नाही. अंग आणि मन तयार ठेवायचं, पण वाटही तयार ठेवायची. आपलं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. तामलवाडीच्या पुढं सोलापूरच्या वाटेवर निजामाचा करोडगिरीचा नाका होता, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीची झडती घेऊन जकात वसूल करायचे. पलीकडं इंग्रजाचा मुलूख आणि सोलापूरचा मोठा दवाखाना, अडलंच तर मला तिथं न्यायचं. दिवस भरत आले तसं मला रोज चालवायचं म्हणून तुम्ही बाहेर काढायच्या, आणि एक दिवस थेट नाक्यापर्यंत नेलंत. जमादाराला म्हणालात, "भाई, ये हमारी सून. इसके दिन भरे. हमारी गाडी आयी तो झडती नक्को, पयले फाटक खोलना." तो दाढीवाला म्हातारा उठून उभा राहिला. "मां, तुमे फिकर नक्को करो. बच्चे के काम में कौन अडता?" माझ्याकडं न बघता त्यानं आम्हाला बसायला बाजेवर जागा केली आणि माठातलं पाणी दिलं. तुम्ही घरी आल्यावर गाडीत कडबा अंथरून वर गोधडी टाकलीत, आणि ती गाडी तशीच दारात उभी राहिली. मामंजींना ती कामाला लागायची, पण त्यांची हूं की चूं करायची छाती नव्हती.

पहिली कळ मला जात्यावरच आली. सकाळची वेळ, उन्हं नुकती भिंतीवर आलेली. मी थांबले. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि म्हणालात, "आली? ऱ्हाऊ दे. मदल्या येळात वड." तसं थोडं दळलं मी. मग फिरले, अंगणातून खोलीत, खोलीतून अंगणात. सुईण आली. कुणीतरी रिवाजाप्रमाणं डब्यांची झाकणं उघडायला लागलं, तर तुम्ही म्हणालात, "उघडा, समदी उघडा. पन आदी हिची दातखीळ उघडा." आणि माझ्या पाठीमागं येऊन बसलात. सुईणीनं दुसरी बाई बसवते म्हटलं, तर तुम्ही ऐकलं नाही. कळा जोरात यायला लागल्या तशी मी परत दम कोंडायला लागले. तुम्ही कानाशी म्हणालात, "म्हन." आणि मला दुसरं काही आठवेना. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून मामंजींच्या घोरण्याची ओवी म्हटली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, गाव ऐकेल अशी. मामंजी बाहेर पडवीतच बसलेले, चार माणसं भोवती. मोठी फजिती झाली त्यांची. त्यानंतर कितीतरी दिवस ते पडवीत झोपायला टेकले नाहीत. पण उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला लेक झाली, आणि दारातली गाडी दारातच राहिली. सुईणीनं बाळ तुमच्या हातात दिलं. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत, मग खोलीकडं बघितलंत, आणि पदरानं तोंड झाकून घेतलंत.

ते सगळं मी पुढं पोरी-बाळींना हसत हसत सांगितलं. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही, तुम्हालाही नाही. पाठीमागं बसला होतात ना, तेव्हा तुमची छाती माझ्या पाठीला टेकलेली होती, आणि ती धडधडत होती. तोंडानं तुम्ही शांत, "अशी, अशी, सोड दम" म्हणत होतात, हात जराही थरथरत नव्हता, आणि पाठीला मात्र ते धडधडणं थांबत नव्हतं. मला तेव्हाच कळलं की तुम्ही माझ्याइतक्याच घाबरलात, माझ्याहून जास्त, आणि तरी तुम्ही त्याच खोलीत, त्याच भुईवर, मला धरून बसलात. आत्याबाई, मला धीर आला तो त्यानं. ओवीनं नाही. खूप माया दाटून आली हो तुमची, पण कळ आली आणि बोलायचं राहिलं, ते राहिलंच.

हे लिहिलेले कागद काही टपालात टाकायचे नाहीत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मी लिहायला शिकले तीही तुमच्या मागं, पोरांच्या पाटीवर. नातीच्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरच्या एकाच बाईला थांबू देतात. तिची आई, तुमच्या हातावर आलेली ती लेक, रक्त बघितलं की मटकन खाली बसते. म्हणून नातीनं मला सांगितलंय, आजी, तूच बस माझ्या पाठीशी, डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्यात. काल भिंतीला टेकून श्वास सोडता सोडता तिनं मला विचारलं, आजी, तुला भीती नाही वाटत? मी चटई गोळा करत होते. म्हटलं, मला कशाची आलीय भीती. तेव्हापासून छाती धडधडतेय माझी, आत्याबाई. तिच्या पाठीला ही धडधड लागणारच, आणि तिला कळणारच.