मामांच्या होडीला सरकारी डोलकाठी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुम्ही तीन वर्षांत घरी फिरकला नाहीत म्हणून आई तुमच्यावर रागावलेली आहे, म्हणजे तीही बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (तुमच्या शेजारच्या मास्तरीणबाई सांगत होत्या की जिना चढताना तुम्ही थांबता आणि कोणी पाहिलं तर भिंतीचा रंग तपासत असल्यासारखं करता.)

पत्राचं कारण आधी सांगतो, फाटे नंतर फोडतो. बंदर प्राधिकरण तुमची होडी जप्त करून फोडणार आहे आणि ते काम नेमकं माझ्या टेबलावर आलंय. मामी गेल्यापासून आठ वर्षं होडी तिसऱ्या धक्क्याला बांधलेली आहे. आमच्या कायद्यातलं कलम चौदा म्हणतं की बंदराच्या हद्दीत वर्षभर जागची न हललेली नौका बेवारस समजावी. नौका म्हणजे जहाजच असं नाही, त्यात तराफाही येतो, आणि आमच्या साहेबांच्या मते नीट वाचलं तर पाण्यात पडलेलं दारसुद्धा येतं. साहेबांना आम्ही सगळे कलमकाका म्हणतो (अर्थात पाठीमागे). एकतीस वर्षं ते या बंदराचे अधिकार सांभाळतायत. माणूस वाईट नाही, पण शिंक आली तरी ती कुठल्या पोटकलमात बसते ते आधी बघेल.

तर नोटीस घेऊन मी गेलो. नोटीस डोलकाठीवरच चिकटवायची आणि दोन साक्षीदारांसमोर होडीकडे तोंड करून तीनदा मोठ्यानं वाचायची, असा आमचा नियम. (लाकडाला काय ऐकू येतं, हे विचारायचं नाही. मी विचारलं होतं, म्हणून माझी बढती अडली.) साक्षीदार म्हणून धक्क्यावरचा दोरवाला आणि बर्फवाली मावशी मिळाली, पण तुमच्या होडीला डोलकाठीच नाही! ती तुम्ही मामीला कपडे वाळत घालायला काढून दिलीत, हे माझ्या लक्षातच नव्हतं. म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. 'डोलकाठी नसल्याने नोटीस बजावता आली नाही' असा अहवाल ठोकला आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी फाइल परत. कलम चौदा, पोटकलम तीनखाली लाल रेघ: डोलकाठी नसल्यास प्राधिकरणाने ती उभारावी आणि मग तीवर नोटीस चिकटवावी. आता आमचा सुतार गेली सहा वर्षं कचेरीतल्या खुर्च्यांचे पाय ठोकत बसलेला. त्याला होडी मिळाली म्हटल्यावर तो काय थांबतोय? डोलकाठीला आधार हवा म्हणून त्यानं तळाच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, फळ्या बदलल्या म्हणून फटी बुजवल्या, आणि हात लागलाच आहे म्हणून दोन वल्हीही घडवली. शेवटी डोलकाठी अशी देखणी उभी राहिली की नाकापेक्षा मोती जड.

पाहणीला साहेब जातीनं आले. मी नोटीस चिकटवली, घसा साफ केला आणि पहिलं वाचन संपवतोय तोच दोरवाला म्हणाला, "पण हिची दुरुस्ती चाललीय ना? मग ही बेवारस कशी?" साहेबांनी खिशातून पुस्तक काढलं. कलम बावीस: दुरुस्तीखालची नौका जप्त करता येत नाही. दुरुस्ती करणारे आम्हीच, जप्त करणारेही आम्हीच. साहेब दोर बांधायच्या खुंटावर बसले आणि अर्धा तास नुसती पानं उलटत राहिले. माझी नोकरी गेली असं धरून मी मनातल्या मनात आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. मग ते उठले आणि म्हणाले की दुरुस्तीला मालकाचा अर्ज लागतो. शुक्रवारपर्यंत अर्ज आला तर होडी वाचली. नाहीतर शनिवारी सुतारानंच ती फोडायची. तेव्हापासून सुतार माझ्याशी बोलत नाही.

मामा, खरं सांगतो, ती फुटताना मला बघवणार नाही. मामी सुकाणू धरून बसायची, तुम्हाला डावं-उजवं सांगायची आणि तुम्ही मुद्दाम उलटं वल्हवायचात. तुम्हाला तिथं जाववत नाही हे मला कळतं. पण तुम्ही घरात बसून राहता हेही मला बघवत नाही.

तुमचा आज्ञाधारक (आणि नाइलाजानं प्राधिकरणाचाही)
भाचा

ता. क. अर्ज सोबत जोडलाय. 'नौका कशासाठी हवी' या रकान्यात मी 'फिरायला' असं लिहिलंय. अर्जात खोटं लिहिल्यास शिक्षा आहे, तेव्हा फिरावं लागेल.

आणखी ता. क. अर्ज टपालानं चालत नाही. मालकानं स्वतः येऊन होडी तिच्या लांबीइतकी तरी पुढे न्यायची असते. गुडघ्याची चौकशी त्याचसाठी होती. आई म्हणते ती धक्क्यावर मुळीच येणार नाही, आणि सकाळपासून तीनदा विचारून झालं की शुक्रवारी डबा किती जणांचा करू.

शेवटचा ता. क. तो 'फिरायला' सोडला तर बाकी अर्ज माझ्या अक्षरात नाही हे तुम्ही ओळखलं असेलच. तो साहेबांनी लिहिलाय. बंदराची हद्द लाल दिव्यापाशी संपते. त्यापुढे साहेबांचा एकही अधिकार चालत नाही, म्हणून एकतीस वर्षांत ते कधी तिकडे गेलेच नाहीत. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतायत. काल दार लोटून घेऊन हळूच विचारत होते, मामांच्या होडीत आणखी एक माणूस मावेल का. मी तुम्हाला न विचारताच हो म्हटलंय. त्यांना पोहता येत नाही, तेव्हा वल्ही तुमच्याच हातात हवीत.